मोटारीतील गारवा

वैशाखातल्या दुपारी नागपूरच्या रस्त्यावर तासभर उभी राहिलेली मोटार ज्याने उघडली आहे, त्याला भट्टी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. आत बसताच माणूस वातानुकूलनाची कळ दाबतो, आणि पाच मिनिटांत गार वारा आला नाही की म्हणतो, "गॅस संपला असेल." आज मला बोलावयाचे आहे ते या एका वाक्याविषयी, कारण ते खरे नसते, आणि महागातही पडते.

गॅस संपत नसतो. पेट्रोल जळते तसा तो जळत नाही, टायर झिजतो तसा झिजत नाही. माठातले पाणी अंगाबाहेर झिरपते, उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. मोटारीतील यंत्र हेच करते. अंतर इतकेच, की उडून गेलेले द्रव्य ते पुन्हा पकडून आणते. आपल्याकडील बहुतेक मोटारींत वापरले जाणारे आर-१३४ए हे द्रव्य साध्या हवेच्या दाबाखाली उणे २६ अंशांनाच उकळते. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, तेव्हा ती अतिशय तापते. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीत ती बाहेरच्या हवेला आपली उष्णता देते आणि पातळ होते. पुढे हा द्रव एका अरुंद झडपेतून सुटतो, दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डामागच्या दुसऱ्या जाळीत तो उकळू लागतो. उकळण्यास हवी ती उष्णता तो आपल्या भोवतालच्या हवेतून काढून घेतो. म्हणजे यंत्र गारवा निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. त्या थंड जाळीवर हवेतील बाष्पही दवासारखे जमते आणि नळीवाटे मोटारीखाली ठिबकते. मुंबईच्या दमट हवेत हे ठिबकणे पाहून पुष्कळ गृहस्थ घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. पायाखालची सतरंजी ओली होऊ लागली, तर मात्र नळी तुंबली असे समजावे.

द्रव्य बंद नळ्यांतून असे फिरत राहते. ते कमी झाले असेल, तर कुठेतरी गळले आहे. माझ्या स्वतःच्या मोटारीत एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला गेला. पहिला तीन आठवडे टिकला, दुसरा त्याहूनही कमी. तिसऱ्या खेपेस एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गॅसच्या टाकीला हातही लावला नाही. विजेरी घेऊन नळ्यांचे सांधे पाहिले आणि एका सांध्यावरून बोट फिरवून मला दाखवले. बोटाला तेलकट धूळ लागली होती. "साहेब, गॅस दिसत नाही, पण त्याच्याबरोबर फिरणारे तेल दिसते." दोष होता एका रबरी कडीचा. ती बदलल्यावर त्यांनी पंपाने नळ्यांतील हवा पुरती ओढून काढली आणि दाबमापकाचा काटा जागेवरून हलतो का, हे अर्धा तास पाहत बसले. हवेबरोबर ओल आत राहिली, तर ती झडपेत गोठते आणि धातूला खाते. मग गॅस भरला तो वजन करून, अंदाजाने नव्हे. कारण अधिक झाला तरी गारवा कमीच होतो.

आपल्या खिशापलीकडेही या गळतीला अर्थ आहे. १९४० सालच्या पॅकार्ड मोटारींत कारखान्यातूनच वातानुकूलन मिळू लागले. (ते बंद करावयाचे, तर गाडी थांबवून पट्टाच काढावा लागे!) त्यानंतर अनेक दशके मोटारींत आर-१२ हे द्रव्य वापरात होते. ते ओझोनच्या थराला अपाय करते हे कळल्यावर १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला आणि ते हळूहळू मागे पडले. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता धरून ठेवते. लहान मोटारीत ते साधारण अर्धा किलो असते. गळता सांधा तसाच ठेवून ते पुनःपुन्हा भरणे म्हणजे काय, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

घरच्या घरी करण्यासारखे थोडेच आहे. कंडेन्सरवर साचलेली धूळ नि किडे पाण्याच्या हलक्या धारेने धुवावेत; जोराच्या धारेने जाळीची पाती वाकतात. आतला हवेचा फिल्टर झाडावा, मळला असल्यास बदलावा. दिल्ली-इंदूरकडील मंडळींनी थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे यंत्र चालवावे, म्हणजे तेल फिरून कॉम्प्रेसरची सील सुकत नाही. आणि तापलेल्या गाडीत बसल्यावर प्रथम काचा उघडून आतली हवा बाहेर जाऊ द्यावी.

एक गोष्ट मात्र यंत्रापेक्षा मोठी आहे. इंजिन चालू ठेवून बंद मोटारीत गारव्यात झोपणारे लोक मृत्युमुखी पडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तो दोष गॅसचा नसतो. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्यास तो जागे करीत नाही. बंद गॅरेजात तर हा धोका फारच मोठा. वाटेत विश्रांती घ्यावयाचीच असेल, तर झाड पाहावे, इंजिन बंद करावे आणि काचा उघडाव्यात.