काळजाचा ठोका चुकवणारा डिफेंडर

फुटबॉलमध्ये भाव खातो तो गोल मारणारा. पोस्टर त्याचं, जर्सी त्याची, रील्सही त्याच्याच. डिफेंडरचं नाव आपण कधी घेतो? त्याच्या चुकीमुळे गोल बसला की! नव्वद मिनिटं त्यानं एकट्यानं किल्ला लढवलेला असतो, पण दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चर्चा होते ती त्या एका चुकीचीच. व्हॅन डाइक आणि सालिबाचे टॅकल्स तोंडपाठ असणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना भारताच्या टीमचा सेंटर बॅक कोण, हे पटकन सांगता येईल?

म्हणूनच आजची गोष्ट एका डिफेंडरची. त्याचं नाव अन्वर अली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याला सांगण्यात आलं, की फुटबॉल थांबव, नाहीतर मैदानात जीव जाऊ शकतो. एकविसाव्या वर्षी तो भारताच्या सीनिअर टीमकडून खेळत होता. मधल्या अडीच वर्षांत जे घडलं, ते एखाद्या मॅचपेक्षा कमी थरारक नाही. आणि त्यातला एक प्रश्न तर आपल्या सगळ्यांना कधी ना कधी पडणारा आहे. आपल्या आयुष्यातली रिस्क किती घ्यायची, हे ठरवायचं कोणी?

आदमपूरचा पोरगा

अन्वरचा जन्म 28 ऑगस्ट 2000 चा, पंजाबमधल्या जालंधर जिल्ह्यातल्या आदमपूरचा. घरची परिस्थिती बेताची. फुटबॉल हा त्याच्यासाठी टाइमपास नव्हता, घर वर काढायचा तोच एक रस्ता होता. मिनर्व्हा अकॅडमीत तो घडला आणि तिथून थेट 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपच्या टीममध्ये पोहोचला.

आठवतोय ना तो वर्ल्ड कप? आपण तेव्हा शाळेत होतो. 15 सप्टेंबर 2017 ला 'मिशन वन मिलियन' म्हणून महाराष्ट्रभरातल्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर एकाच दिवशी पोरं फुटबॉल खेळली होती. पुढच्या महिन्यात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि गोव्यात फातोर्ड्यालाही मॅचेस झाल्या. फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये भारताची टीम उतरण्याची ती पहिलीच वेळ.

6 ऑक्टोबरला दिल्लीत पहिली मॅच अमेरिकेशी. आपण 2-0 ने मागे. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना अन्वरनं मारलेला शॉट क्रॉसबारवर आदळला. भारताचा वर्ल्ड कपमधला पहिलावहिला गोल थोडक्यात हुकला, आणि तोच बॉल घेऊन अमेरिकेनं उलट आपल्यावर तिसरा गोल केला. पुढे कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं तो ऐतिहासिक गोल मारला. तिन्ही मॅचेस आपण हरलो. पण ही टीम लोकांच्या लक्षात राहिली.

या पोरांना पांगू द्यायचं नाही, म्हणून फेडरेशननं त्यांची 'इंडियन अ‍ॅरोज' ही टीम आय-लीगमध्ये उतरवली. समोर तिशीतले मुरलेले खेळाडू आणि धिप्पाड परदेशी स्ट्रायकर, इकडे मिसरूड फुटलेली पोरं. अ‍ॅरोजमध्ये परदेशी खेळाडू एकही नाही. डिफेंडरसाठी याहून कडक शाळा कुठली?

मेस्सीच्या देशाला दिलेला दणका

ऑगस्ट 2018. स्पेनमधली कोटिफ कप स्पर्धा. भारताची अंडर-20 टीम अर्जेंटिनाच्या अंडर-20 टीमसमोर. दीपक टांगरीनं चौथ्याच मिनिटाला गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला रेड कार्ड मिळालं आणि भारताचे दहाच खेळाडू उरले. आता काय, सगळे मागे जाऊन बचाव करणार, असंच कुणालाही वाटलं असतं. पण 68 व्या मिनिटाला फ्री-किक मिळाली आणि ती घ्यायला पुढे आला सेंटर बॅक अन्वर अली. बॉल जाळ्यात! अर्जेंटिनानं एक गोल फेडला, पण मॅच भारतानं 2-1 अशी जिंकली.

त्या अर्जेंटिना टीमचा कोच कोण होता माहितीये? लिओनेल स्कालोनी. हो, तोच, ज्यानं चार वर्षांनी कतारमध्ये मेस्सीच्या टीमला वर्ल्ड कप जिंकून दिला.

या काळात मुंबई सिटी एफसीनं अन्वरला करारबद्ध केलं होतं. ऑगस्ट 2019 मध्ये भारताचे कोच इगोर स्टिमॅक यांनी सीनिअर टीमच्या संभाव्य खेळाडूंमध्ये त्याचं नाव घेतलं. वय अजून एकोणीसही पूर्ण नाही. आयएसएलचा करार हातात, देशाची जर्सी एका पावलावर. अजून काय हवं?

एक रिपोर्ट आणि सगळं ठप्प

त्याच सुमारास त्याची मेडिकल झाली आणि हृदयाच्या तपासणीत गडबड दिसली. पुढच्या तपासण्यांसाठी त्याला फ्रान्समधल्या रेनला पाठवण्यात आलं. निदान झालं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी.

नाव जड आहे, पण प्रकार समजायला सोपा आहे. या आजारात हृदयाचा स्नायू गरजेपेक्षा जाड होतो. बहुतेकदा हे जनुकांमधून आलेलं असतं, म्हणजे व्यायाम, डाएट, व्यसन यांचा त्यात काही दोष नसतो. साधारण पाचशेत एकाला हा त्रास असू शकतो, असं डॉक्टर मानतात. अनेकांना तो आयुष्यभर जाणवतही नाही. धोका असतो तो हृदयाच्या ठोक्यांची लय अचानक बिघडण्याचा. जोरदार पळापळीत तसं झालं आणि मिनिटांत मदत मिळाली नाही, तर खेळ खल्लास.

फुटबॉलनं हे डोळ्यांदेखत पाहिलंय. 26 जून 2003 ला कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए फ्रान्समधल्या ल्याँला मॅच चालू असताना कोसळला आणि गेला. शवविच्छेदनात कारण निघालं ते हेच, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. भारताच्या मनातली जखम तर त्याहून जवळची. 5 डिसेंबर 2004 ला बेंगळुरूत फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनिअर दुसरा गोल करताना गोलकीपरवर आदळला, कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही. धेंपोनं मॅच जिंकली ती त्याच्याच दोन गोलांवर.

त्यामुळे अन्वरला थांबवणाऱ्यांना व्हिलन ठरवणं सोपं असलं तरी खरं नाही. हा मुलगा मैदानात कोसळला असता, तर 'रिपोर्ट हातात असताना खेळूच कसं दिलंत?' असं विचारणारेही आपणच असतो.

फुटबॉल नाही, तर मग काय?

आता दुसरी बाजू बघू. आपल्यापैकी कुणाला सेकंड इयरला सांगितलं, की तुझी डिग्री आजपासून बंद, दुसरं काहीतरी बघ, तर? आपल्याकडे निदान 'दुसरं काहीतरी' असतं. अन्वरनं लहानपणापासून फक्त बॉलच पाहिला होता आणि घर त्याच्याकडे डोळे लावून बसलं होतं. खेळणं हा त्याचा हट्ट होता असं म्हणता येईल, पण ती त्याची रोजीरोटीसुद्धा होती.

2020 मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगनं त्याला घेतलं. फेडरेशननं क्लबला त्याचा सराव थांबवायला सांगितलं. तेव्हा वीस वर्षांचा हा पोरगा चक्क दिल्ली हायकोर्टात गेला. खेळण्याचा, कमावण्याचा हक्क मागायला. फेडरेशनच्या वैद्यकीय समितीचे प्रमुख होते डॉ. वेस पेस. लिएंडरचे बाबा, स्वतः 1972 च्या ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं ब्राँझ मिळवलेले खेळाडू आणि क्रीडावैद्यक जाणणारे डॉक्टर. खेळाडूचं मन त्यांना कळत नसेल असं कोण म्हणेल? तरीही समितीचा सल्ला होता, खेळू नये.

गंमत म्हणजे, याच काळात जगभर वैद्यकशास्त्राचा सूरही बदलत होता. आधी 'हा आजार आहे ना, मग स्पर्धात्मक खेळ बंद' असा सरसकट नियम होता. 2020 च्या शेवटी अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. प्रत्येक रुग्णाचा धोका वेगळा तपासा, तज्ज्ञांनी त्याला तो नीट समजावून सांगावा आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, असं त्यात आलं. म्हणजे डॉक्टरनं हुकूम सोडायचा नाही आणि पेशंटनं डोळे मिटून उडीही मारायची नाही.

देशादेशांतही फरक आहेच. 12 जून 2021 ला युरो कपमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला. त्याच्या छातीत ठोके सावरणारं यंत्र बसवलं गेलं. इटलीच्या नियमांनुसार असं यंत्र घेऊन तिथल्या लीगमध्ये खेळता येत नाही, म्हणून इंटर मिलानसोबतचा त्याचा करार संपला. काही महिन्यांत तोच एरिक्सन इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून खेळत होता. माणूस तोच, हृदय तेच, नियम मात्र वेगळे!

गोव्यात दुसरी इनिंग

2021 मध्ये अन्वरचा मैदानाचा रस्ता अखेर मोकळा झाला. दिल्ली एफसीकडून तो पुन्हा खेळू लागला. जानेवारी 2022 मध्ये एफसी गोवानं त्याला लोनवर घेतलं. कोविडमुळे तो आयएसएल सीझन पूर्णपणे गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये चालला होता. ना ढोल, ना आरडाओरडा. ज्या लीगमध्ये पाऊल ठेवायला तो अडीच वर्षं थांबला, तिथं टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं. पण त्याचा खेळ टीव्हीवर दिसत होता. उंची, हेडर, डाव्या-उजव्या बाजूला नेमके जाणारे लांब पास, सगळं जागच्या जागी.

मार्च 2022 मध्ये बहरीनच्या दौऱ्यात त्यानं भारताच्या सीनिअर टीमकडून पदार्पण केलं. योगायोग बघा, स्पेनमध्ये रेड कार्ड मिळालेला आपला अनिकेत जाधवही त्याच दौऱ्यात सीनिअर टीमकडून पहिल्यांदा खेळला.

आणि मग 14 जून 2022. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, एशियन कपची पात्रता फेरी, समोर हाँगकाँग. यावेळी स्टेडियम रिकामं नव्हतं. दुसऱ्याच मिनिटाला गोल! मारणारा अन्वर अली. भारतानं मॅच 4-0 ने जिंकली. पाच वर्षांपूर्वी जो बॉल बारवर आदळून परत आला होता, तो जणू आत्ता कुठे आत गेला.

सेल्फ गोल आणि पुढे

पण डिफेंडरचं नशीब सरळ नसतंच. 27 जून 2023 ला बेंगळुरूत सॅफ चॅम्पियनशिपमध्ये कुवेतविरुद्ध भारत 1-0 ने पुढे होता. नव्वद मिनिटं संपून इंज्युरी टाइम सुरू झालेला. बॉल क्लिअर करायला गेलेल्या अन्वरच्या पायाला लागून तो आपल्याच जाळ्यात गेला. मॅच 1-1. पुढचे दोन दिवस सोशल मीडियावर काय झालं असेल, ते सांगायला नको. आठवडाभरात, 4 जुलैला, फायनलमध्ये पुन्हा तेच कुवेत समोर आलं. पेनल्टी शूटआउटमध्ये भारत जिंकला.

त्यानंतर मोहन बागानकडून ड्युरंड कप आणि आयएसएल शिल्ड, दुखापतीमुळे हुकलेला एशियन कप, 2024 मध्ये ईस्ट बंगालमध्ये जाताना गाजलेला कराराचा वाद, असं बरंच काही घडलं. त्या वादात कोण बरोबर, हा वेगळ्या लेखाचा विषय. मला मात्र या सगळ्यात एक गोष्ट भारी वाटते. ज्याच्या बाबतीत 'हा पुन्हा खेळेल का?' असा प्रश्न होता, त्याच्याबद्दल आता 'हा कुठल्या क्लबकडून खेळणार?' यावर भांडण होतं!

अन्वरची गोष्ट वाचून 'डॉक्टर काहीही म्हणोत, आपण स्वप्नामागे धावायचं' असा अर्थ कुणी काढू नये. त्यानं डॉक्टरांना टाळलं नाही. तपासण्या केल्या, धोका समजून घेतला, समितीपुढे गेला, कोर्टात गेला, परवानगीची वाट पाहिली आणि मगच खेळला. घाई केली असती तर एखाद्या गावातल्या टुर्नामेंटमध्ये गुपचूप खेळताही आलं असतं. बचावपटूचं कामच हे असतं. बॉलवर झडप घालायची खरी, पण टायमिंग साधून.

पुढच्या वेळी भारताची मॅच लागली की गोल मारणाऱ्यासोबत मागे उभ्या असलेल्या त्या उंच पोराकडेही जरा बघा. त्यानं सगळ्यात अवघड टॅकल मैदानाबाहेर मारलंय.

ग्राउंडवर उतरण्याआधी

• पळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, विनाकारण धडधड होणं, याला 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

• घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गरजेप्रमाणे ते ईसीजी किंवा इको करायला सांगतील.

• कुणी कोसळलं, हाक मारून हालचाल नाही, श्वास नीट नाही, तर 108 ला फोन करा आणि लगेच सीपीआर सुरू करा. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, जोरात दाब द्यायचा.

• तुमच्या कॉलेजच्या जिमखान्यात एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र आहे का? उद्याच विचारा. नसेल तर मागणी करा. इंटरकॉलेजच्या ट्रॉफीपेक्षा ते जास्त कामाचं आहे.