उपवासकाळ : कपाळावरची राख आणि पोटातली भूक

राखेच्या बुधवारी देवळात एक विसंगती घडते. दरवर्षी घडते, म्हणूनच बहुधा ती आपल्या ध्यानात येत नाही. त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय वाचला जातो. प्रभू येशू तिथे सांगतो की उपवास करताना तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, तुमचा उपवास लोकांना कळू देऊ नका. हे ऐकून झालं की आपण रांगेत उभे राहतो, कपाळावर राख लावून घेतो आणि तशीच मिरवत बाजारातून घरी जातो!

हा दांभिकपणा आहे का? तसं म्हणता येणार नाही. राख ही आपल्या तपाची जाहिरात नाही, आपल्या मर्त्यपणाची कबुली आहे. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या आपण जयजयकार करीत उंचावल्या, त्याच जाळून ही राख करतात. तरीही धोका शिल्लक राहतोच. आपला उपवास नेमका कोण पाहतो आहे, या एका प्रश्नावर सगळा काळ उभा आहे.

दिवसांचा हिशेब सोपा आहे. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. उरले ४०. प्रभूने अरण्यात काढले तेवढेच. हा आकडा पहिल्यापासून ठरलेला नव्हता. दुसऱ्या शतकात कोणी एक दिवस, कोणी दोन, कोणी अधिक दिवस उपवास करी. चाळीस दिवस रूढ होत गेले ते चौथ्या शतकात.

१९६६ साली पोप सहावे पॉल यांनी कॅथलिकांसाठी नियम बरेच सैल केले. बंधनकारक उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. आणि शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळी मात्र चालते. वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर हे फारच सोयीचं पडलं. मटण सोडलं आणि पापलेटवर ताव मारला, तर नियम मोडला नाही हे खरं. उपवास झाला का, ते आपलं आपल्याला ठाऊक. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण काही फक्त शेजाऱ्यांसाठी नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी उपवासाची तीन प्रयोजनं सांगितली : वासनेला लगाम, चिंतनासाठी मन मोकळं होणं आणि पापाचं प्रायश्चित्त. आपण बहुतेक तिसऱ्यावरच थांबतो. आमच्या मते आध्यात्मिक वाढ दुसऱ्यापाशी सुरू होते. साधी गोष्ट घ्या. दुपारचा चहा सोडला. चार वाजले की चिडचिड सुरू, सुनेवर नाहीतर नातवावर आवाज चढतो. ही चीड चहाने निर्माण केली का? नाही. ती आत होतीच; रोज चहा तिच्यावर पांघरूण घालत होता. उपवासाने पांघरूण निघालं. आता ती दिसली, तर तिच्याविषयी प्रार्थना करता येते. जे दिसलंच नाही, ते देवापुढे ठेवणार कसं?

म्हणून भूक सहन केली म्हणजे काम संपलं, असं नाही. संत ऑगस्टीन आपल्या प्रवचनांतून बजावीत असे की आपण जे खात नाही, ते गरिबाच्या पानात पडलं पाहिजे. ते आपल्याच डब्यात राहिलं, तर ती नुसती काटकसर झाली.

इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्वी साधूंच्या हकिगती पाचव्या शतकात जॉन कासियनने लिहून ठेवल्या. पाहुणा आला की हे साधू आपला रोजचा उपवास सोडून त्याच्याबरोबर जेवायला बसत. एकाने कारण विचारल्यावर सांगितलं की उपवास तर रोजचाच सोबती आहे, पाहुणे मात्र निघून जाणार. दुसऱ्या एका वृद्धाने पानावर बसलेल्या पाहुण्याला आणखी घ्यायचा आग्रह केला. पोट भरलं, असं पाहुणा म्हणाला. वृद्ध हसून म्हणाला की आज निरनिराळ्या पाहुण्यांसाठी सहा वेळा पान मांडलं, प्रत्येकाबरोबर जेवलो आणि अजून भूक आहे. तुमचं मात्र पहिल्याच जेवणात पोट भरलं!