पाण्यात दिवा सोडण्यापूर्वी

आमच्या वस्तीवर एक शेजारी शेततळ्यात मासे पाळतात. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्यांनी बाजारातून पाण्यात बुडवायचा एलईडी दिवा आणला. तीन दिवस आभाळ भरलेले होते, ऊन म्हणून नव्हते. पहाटे तीन-साडेतीनला त्यांनी दिवा तळ्यात सोडला आणि पाहतात तर काय, सगळ्या तळ्यावर माशांची तोंडेच तोंडे! दिव्याने मासे गोळा केले या आनंदात त्यांनी दोन पाग मारले, टोपली भरली आणि घरी जाऊन निजले. सकाळी सातला त्यांचा मुलगा मला बोलवायला आला. मी जाऊन पाहिले तेव्हा कटला आणि रोहू पांढरी पोटे वर करून काठाला लागले होते. दिव्याला कोणी आले नव्हते, बंधूंनो. पाण्यातला प्राणवायू संपला होता आणि मासे श्वासासाठी वर आले होते.

त्या दिवसापासून पाण्यातल्या दिव्याविषयी कोणी विचारले की मी आधी ही गोष्ट सांगतो आणि मग दिव्याचे बोलतो. आज तुम्हालाही त्याच क्रमाने सांगणार आहे.

दिव्याला आलेला मासा आणि गुदमरलेला मासा यांतला फरक एकदा डोळ्याने पाहिला की विसरत नाही. दिव्याला आलेले मासे दिव्याभोवती फिरतात, झडप घालतात, टाळी वाजवली की पळतात, आणि उरलेले तळे शांत असते. गुदमरलेले मासे तळ्यावर सगळीकडे दिसतात, तोंड वर करून उभे राहतात, काठावर पाय आपटला तरी फारसे हलत नाहीत. दिवा बंद केला तरी तसेच राहतात. दिवसा पाण्यातले हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते, पण रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो खात राहतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो, आणि ढगाळ दिवसांनंतर तर फारच कमी. असे दिसले की जाळे बाजूला ठेवा. पंप सुरू करून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडा, विहिरीचे पाणी असेल तर तेही सोडा, आणि त्या दिवशी खाद्य व शेणखत टाकू नका. पावसाळ्यात पहाटे चारला साधी बॅटरी घेऊन तळ्यावर एक चक्कर मारणारा माणूस महागड्या दिव्यापेक्षा जास्त मासे वाचवतो.

आता दिव्याकडे वळू. दिव्याला मासे का येतात? पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव असतात. त्यांतले बरेचसे रात्री वर येतात आणि उजेडाकडे सरकतात. त्यांच्यामागे बारीक मासळी आणि झिंगे येतात, आणि बारीक मासळीच्या मागावर मरळ, शिंगटा यांसारखे खाणारे मासे येतात. मात्र मोठा मासा सहसा उजेडात शिरत नाही. उजेड संपून अंधार सुरू होतो त्या कडेला तो दबा धरून असतो. नवखा माणूस गळ दिव्याच्या मधोमध टाकतो आणि बारीक मासळीच पकडत बसतो. गळ कडेला टाकावा.

कटला, रोहू, मृगळ पाळणाऱ्यांना स्पष्टच सांगतो: ही माणसे, म्हणजे हे मासे, दिव्याच्या नादी फारसे लागत नाहीत. मृगळ तर तळाचा गाळ सोडून वर येत नाही. त्यांच्या काढणीला सकाळच्या थंड वेळी ओढजाळे हेच खरे. पाण्यातला दिवा उपयोगी पडतो तो बारीक मासळी, झिंगे, गळाला लावायचे आमिष आणि मांसाहारी मासे यांना. तुम्हाला यांतले काही धरायचे नसेल तर पुढचे वाचून पैसे वाचवा.

पूर्वी आपण चूड पेटवून किंवा गॅसबत्ती घेऊन ओढ्याला जात असू. त्या उजेडाचा मोठा भाग तिरका पडून पाण्याच्या पाठीवरून परत फिरायचा आणि आपल्याच डोळ्यांवर यायचा. पाण्यात बुडवलेल्या दिव्याचा उजेड तसा वाया जात नाही, एवढाच त्याचा मोठेपणा. पण पाणी गढूळ असेल तर तोही हातभर जाऊन थांबतो. म्हणून दिवा घेण्याआधी पाणी तपासा. पत्र्याचे झाकण पांढऱ्या रंगाने रंगवा, खाली दगड बांधा आणि दुपारी दोरीने पाण्यात सोडा. ते दिसेनासे होईल तिथे दोरीला गाठ मारा. त्या खोलीच्या साधारण दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंत उजेडाचा काही उपयोग होतो. खत-खाद्य चालू असलेल्या मासळीच्या तळ्यात झाकण एक ते दोन वितींच्या दरम्यान दिसेनासे होते, आणि ते चांगल्या पाण्याचे लक्षण आहे. अशा पाण्यात कितीही मोठा दिवा सोडला तरी उजेडाचे वर्तुळ लहानच राहते. मोठ्या धरणाच्या निवळ पाण्यात तोच दिवा दूरवर दिसतो.

रंगाचा प्रश्न दुकानात हमखास निघतो. पाणी तांबडा उजेड सर्वांत आधी गिळते, म्हणून तांबडा दिवा मासे बोलवायला निरुपयोगी. निवळ समुद्रात निळा उजेड सर्वांत लांब जातो. आपल्या तळ्यांच्या आणि धरणांच्या हिरवट पाण्यात मात्र शेवाळ निळा उजेड खाऊन टाकते आणि हिरवा पुढे जातो. तेव्हा गोड्या पाण्यासाठी हिरवा घ्यावा. पांढराही चालतो, कारण त्यात हिरवा असतोच. रंग पालटणारे झगमग दिवे लग्नाच्या मांडवाला ठेवावेत.

खोक्यावर लिहिलेल्या वॅटवर विश्वास ठेवू नका. १२ व्होल्टचा दिवा खरोखर ३० वॅटचा असेल तर त्याने अडीच अँपिअर वीज ओढली पाहिजे. दुकानदाराकडे मीटर असतो, त्याच्याकडून मोजून घ्या. तीस लिहिलेला दिवा एक अँपिअरही ओढत नसेल तर तो जेमतेम दहा-बारा वॅटचा आहे हे समजा, आणि किंमतही तेवढीच द्या. घरच्या कामाला दहा वॅटचा पुष्कळ झाला. दुसरे, पाणी आत शिरण्याविषयीचा आकडा पाहा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची खात्री. रात्रभर बुडवायला आयपी ६८ हवा, आणि किती मीटरपर्यंत तेही लिहिलेले हवे. वायर जिथे दिव्यात शिरते तिथूनच बहुतेक दिवे मरतात. ती जागा रबराने घट्ट बसवलेली आहे का ते बोटाने दाबून पाहा. असे बरेच दिवे थंड राहण्यासाठी पाण्यावरच अवलंबून असतात, म्हणून पेटवून काठावर ठेवू नका, जळतात.

वीज १२ व्होल्टचीच हवी. खांबावरची किंवा कृषिपंपाची २३० व्होल्टची वायर पाण्याजवळ नेणे म्हणजे जिवाशी खेळ. ओल्या काठावर उघडा जोड असलेल्या एका वायरने अख्खे घर बसते. कोणी वायर पाण्यात सोडून मासे मारत असेल तर त्याला हात जोडून थांबवा. त्यात मासे मरतात, बारीक पिल्ले मरतात आणि माणसेही मरतात.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास साठतात. दहा वॅटचा दिवा कागदावर आठ तास चालेल. पण शिशाची बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरवली की लवकर खराब होते, म्हणून चार तास धरा. तेवढे भरायला २० वॅटचे सौर पॅनेल एका चांगल्या उन्हाच्या दिवसात पुरते, मध्ये चार्ज कंट्रोलर मात्र बसवा. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच. वायर दहा मीटर लांब असेल तर बारीक वायर वापरू नका. दीड चौरस मिलिमीटरची घ्या, नाहीतर निम्मा उजेड वायरच खाते असे वाटू लागते.

आणि ट्रॅक्टरची बॅटरी काढून नेऊ नका! हे मी अनुभवाने सांगतो. एका ज्येष्ठात मी ती पाझर तलावावर नेली, रात्रभर दिवा लावला, मिळाले शेरभर झिंगे. सकाळी वाफसा आला होता, पेरणीयंत्र जोडून तयार होते आणि ट्रॅक्टर काही केल्या सुरू होईना. दुसरी बॅटरी आणेपर्यंत दुपार झाली आणि चारला पाऊस आला. पेरणी आठ दिवस पुढे गेली. वडील काही बोलले नाहीत, पण त्या आठ दिवसांत घरात झिंग्यांचे नाव कोणी काढले नाही.

दिवा वापरताना तो पाण्याच्या निम्म्या खोलीवर टांगावा, सारखा हलवू नये आणि अर्धा-पाऊण तास धीर धरावा. मध्येच डोक्यावरच्या बॅटरीचा झोत पाण्यावर मारला की जमलेली मासळी फुटते. दिव्याकडे एकटक पाहून काठाने चालू लागाल तर पुढचे काही दिसणार नाही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर हे फार धोक्याचे. ओल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही आणि उतार इतका उभा असतो की पोहणारालाही वर येता येत नाही. तळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवा, हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून काठावर ठेवा, आणि रात्री एकट्याने जाऊ नका. मुलांना तर मुळीच पाठवू नका. दिव्याला किडे येतात, किड्यांना बेडूक आणि बेडकांना साप. घोणस, फुरसे पावसाळ्यात रात्री फिरतात, तेव्हा पायात बूट आणि वाटेवर टाकायला वेगळी बॅटरी हवी.

माझ्या मते मासे पाळणाऱ्याने दिवा पाण्यात सोडण्यापेक्षा पाण्यावर टांगावा. खरिपात पाण्यापासून हात-दीड हात वर दिवा लावला की किडे, पतंग, पहिल्या पावसानंतरचे हुमणीचे भुंगेरे पाण्यात पडतात आणि मासे खातात. खाद्याची थोडी बचत होते, पिकावरची कीडही थोडी कमी होते. दिवेलागणीपासून नऊ-दहापर्यंतच लावा, कारण रात्रभर लावला तर मित्रकीटकही जास्त मरतात. मत्स्यबीज नुकतेच सोडलेल्या लहान तळ्यावर मात्र असा दिवा नको. पिल्ले खाणारे पाणकिडेही उजेडाला उडत येतात.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. धरणे आणि तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तिथे त्यांना विचारल्याशिवाय दिवा-जाळे नेऊ नका. कोकणातल्या वाचकांना ठाऊकच आहे की समुद्रात मोठ्या बोटी जनरेटरवर प्रखर दिवे लावून लहानमोठी सगळी मासळी एका जागी ओढू लागल्या आणि डोल व वावरी लावणाऱ्या गरीब नाखव्याचे जाळे रिकामे येऊ लागले. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी भारताच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी व इतर कृत्रिम दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला. तेव्हा खाडीत किंवा समुद्रात दिवा नेण्याचा विचार असेल तर आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत विचारा.

वलगणीचे, म्हणजे चढणीचे मासे बॅटरीच्या उजेडात धरायची हौस आपल्याकडे जुनी आहे. पण पहिल्या पुराला वर चढणारी मादी अंडी घालायला चाललेली असते. किलोभर रोहूच्या पोटात लाख-दोन लाख अंडी असू शकतात. घरच्या कालवणापुरते दोन मासे धरणे वेगळे आणि प्रखर दिव्यांनी सगळा ओढाच उपसणे वेगळे. आमच्या ओढ्यात खवली दिसेनाशी झाली ती काही एका वर्षात नव्हे.

रात्र कोणती निवडावी? चांदणे असले की दिव्याचे तेज फिके पडते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून वद्य षष्ठीपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळचे तास काळोखाचे मिळतात. जेवण आटोपून जावे आणि अकराच्या आत परत यावे. घरी आल्यावर दिवा गोड्या पाण्याने धुवा, वायर सैल गुंडाळा आणि बॅटरी त्याच रात्री भरायला लावा.