शेतात सापडलेली शिवराई
नांगराच्या तासात मिळालेले हिरवट तांब्याचे नाणे थेट शिवकालातलेच, असे मानण्याची घाई होते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. पण एवढ्याने काळ ठरत नाही. हाच मजकूर पेशवाईतही पडत राहिला. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, उत्तरकालीन. ठसा नाण्याहून मोठा, त्यामुळे निम्मी अक्षरे अनेकदा काठाबाहेर जातात. म्हणून उरलेल्यांचे वळण आणि वजन पाहावे. चिंचेने मात्र घासू नये. थराबरोबर झिजकी अक्षरेही जातात, मग जाणकारही हतबल. शिवाय १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा (मर्यादा तेव्हाचीच!) ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.