उशाला धरण

भिवंडीकरांना तलाव म्हटला की कामतघरचा वऱ्हाळा तलाव आठवतो आणि डोंगर म्हटला की आसनगावच्या अंगाला दिसणारा माहुली. डोंगर आणि तलाव एके ठिकाणी, आणि तेही विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल अशा बेताने पाहायचे असतील, तर भंडारदऱ्याइतके सोयीचे ठिकाण आपल्याला दुसरे नाही, असे माझे मत तेथे दोन रात्री काढल्यावर झाले आहे. आमच्या घरी परगावी जाणे म्हणजे लग्न, बारसे किंवा मयत. बाबा यंत्रमागावर; त्यांची रजा म्हणजे पगारात खाडा. त्यामुळे लॉजवर राहायला चाललो असे सांगताच आईने पहिला प्रश्न विचारला, "पण तिथे आपलं कोण आहे?"

भंडारदरा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आहे. भिवंडीपासून अंतर सुमारे १३० किलोमीटर. कल्याणहून लोकलने कसारा, तेथून वडापच्या जीपने घाट चढून घोटी आणि घोटीहून एस.टी.ने शेंडी. शेंडी हेच इथले मुख्य गाव. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान अगदी पाण्याच्या काठावर आहे, पण आमच्यासारख्या चौघांना परवडले ते एक घरगुती लॉज. चार खाटा, गरम पाण्याची बादली आणि समोर पाणी. जेवण मात्र आधी सांगून ठेवावे लागते. नागलीची भाकरी, पिठले आणि तिखट ठेचा समोर आल्यावर आमच्यातला एरवी खाण्यात फार चिकित्सा करणारा मित्रही चकार शब्द बोलला नाही.

सकाळी दार उघडले की समोर जलाशय, त्यापलीकडे रतनगडाची रांग. धुके असले तर तेही नाही. नुसता पांढरा पडदा आणि कुठेतरी नाव वल्हवल्याचा आवाज. याचे वर्णन करण्याचा मोह मी आवरतो, कारण आपल्या अंकात निसर्गवर्णनाचे लेख दरवर्षी पुष्कळ असतात. मला सांगायचे आहे ते वेगळेच. हा तलाव निसर्गाचा नव्हे. समोर दिसते ते अडवलेल्या प्रवरा नदीचे पाणी आहे, आणि ते कोणासाठी अडवले हे कळल्याशिवाय भंडारदरा कळत नाही.

प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. घाटघर, रतनवाडी या माथ्यावरच्या गावांत पाऊस इतका की घाटघरला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. हीच नदी पूर्वेला संगमनेरला पोचते तेव्हा पाऊस एकदम आटलेला असतो. तेथे वर्षाला पाचशे मिलीमीटरही पुरता पडत नाही. एकाच नदीच्या माथ्याला पूर आणि पायथ्याला दुष्काळ! इंग्रज सरकारने यावर उपाय म्हणून १९१० साली धरणाचे काम सुरू केले. ते १९२६ मध्ये पुरे झाले, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. सुमारे २७० फूट उंचीची ही भिंत दगडचुन्याची आहे. १९६९ साली तिला तडे गेल्याचे दिसले, तेव्हा खालच्या अंगाने आधार देऊन ती मजबूत करण्यात आली. साठा सुमारे ११ अब्ज घनफूट.

हे पाणी नदीपात्रातून खाली संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी राहाता, राहुरी, श्रीरामपूरकडे वळते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसावर कारखाने. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ उभा केलेला, १९५० साली सुरू झालेला सहकारी साखर कारखाना अर्थशास्त्राच्या तासाला आपण सर्वांनी पाठ केला आहे. त्याचे नावच प्रवरानगर. पण त्या प्रवरेला अडवणारी भिंत कोणत्या गावाच्या शिवारात आहे, हे परीक्षेत कोणी विचारत नाही.

या भिंतीच्या वरच्या अंगाला महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. खोऱ्यातली सपाट जमीन पाण्याखाली गेली. उरली ती उताराची. तेथे पावसाळ्यात भात, नागली, वरई होते. पाऊस धो धो, पण उतारावर तो थांबत नाही, आणि जलाशयाचे पाणी वर चढवायचे तर पंप, वीज आणि परवानगी. लॉज चालवणारे मामा याच भागातले. आम्ही पाण्याचे कौतुक करत होतो तेव्हा ते म्हणाले, "आमचं म्हंजी धरण उशाला अन् कोरड घशाला. पोरं उन्हाळ्यात नारायणगावच्या बाजूला कामाला जात्यात." ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकलो होतो. तिचा उपयोग करणारा माणूस प्रथमच भेटला.

तसे आपणही या म्हणीबाहेर नाही, फक्त दुसऱ्या बाजूला आहोत. येताना वाटेवर लागणाऱ्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तेथील पाणी मुंबईला जाते, त्याच जलवाहिनीतून भिवंडीलाही वाटा मिळतो, आणि शहापूरच्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. नळ सोडताना हे कोणाच्या मनात येते?

शेंडी गाव पाहायला अर्धा तास पुरतो. चहाच्या टपऱ्या, नाववाले, वाटाडे, तंबू भाड्याने देणारे. धरणाला जोडूनच गाव वाढले आहे. पण खरी बाजारपेठ पाहायची तर राजूरला जावे. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय तेथेच, हिरड्याचा व्यापार तेथेच आणि डांगी जनावरांचे प्रसिद्ध प्रदर्शनही तेथेच भरते. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके असलेली ही डांगी जात मुसळधार पावसातही चिखलात काम करते. याच तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. घरातला पहिला कॉलेजात गेलेला म्हणून मला नातेवाइकांत जो मान मिळतो, तो मला राजूरच्या बाजारात जरा जास्तच वाटू लागला.

देवगाव हे राघोजी भांगरे यांचे गावही याच परिसरातले. इंग्रज आणि सावकार यांच्याविरुद्ध महादेव कोळ्यांना उठवणाऱ्या या माणसाला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. ठाणे आपल्याला रोजचे. मी त्या तुरुंगाच्या भिंतीजवळून कितीदा गेलो असेन, पण हे नाव मला शेंडीला कळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रतनवाडीचे अमृतेश्वराचे कोरीव मंदिर पाहून घाटघरच्या कड्यावर गेलो. इथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली ठाणे जिल्हा दिसतो, आपलाच शहापूर तालुका! कड्यावर एक लहान धरण आहे, खाली चोंढे गावाजवळ दुसरे. विजेची मागणी वाढते तेव्हा वरचे पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडून डोंगराच्या पोटातील वीजघरात २५० मेगावॉट वीज करतात. मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. चढवायला वीज जास्त लागते, मिळते कमी. पण नेमक्या गरजेच्या वेळी मिळते, म्हणून हा व्यवहार परवडतो. २००८ पासून हे चालू आहे. इथे पाणी डोंगरावर चढते, हे मामांना रात्री सांगितले, तर ते म्हणाले, "चढतं ना. पैसं आसलं की चढतं."

जायचे असल्यास पावसाळा संपता संपता जावे. पात्रात विसर्ग चालू असेल तर रंधा धबधबा आणि भिंतीखालचा छत्रीसारखा फुलणारा धबधबा दोन्ही दिसतात. मेअखेरीस काजव्यांसाठी फार गर्दी होते, भाडी चढतात, आणि गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसतही नाहीत. घोटीकडच्या परतीच्या गाड्यांची वेळ मात्र शेंडीला उतरल्या उतरल्याच विचारून ठेवावी.