पडवीतील चेतक पुन्हा चालती करताना

धारवाड-हुबळीच्या जुन्या घरांच्या पडवीत धूळ खात पडलेली चेतक स्कूटर अजूनही कोठे कोठे दिसते. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या या स्कूटरने कित्येक डॉक्टरांना रात्री-अपरात्री रुग्णाच्या दारी पोहोचवले. अशी गाडी हाती आली की किक मारण्याचा मोह होतो, तो आवरावा. येथेही तपासणी आधी, उपचार नंतर.

टू-स्ट्रोक चेतकच्या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. साचलेले पेट्रोल उडून जाते, चिकट थर मागे उरतो आणि कार्बोरेटरचे जेट बुजते. ते अर्धवट बुजले की पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडते. पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जखडतो. कडक झालेल्या ऑइल सीलमधून हवा आत शिरल्यासही हेच घडते. म्हणून टाकी धुवावी, कार्बोरेटर साफ करावा, सील बदलावेत व ताजे मिश्रण भरावे.

त्यानंतर ब्रेक, केबल व टायर पाहावेत. जुन्या ब्रेक-शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

इंजिन मात्र उघड्यावरच सुरू करावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनशी त्याची ओढ ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट असते. बंद पडवीत हौस जिवावर बेतू शकते.

नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपली असल्यास नूतनीकरण करूनच गाडी रस्त्यावर आणावी. रंगरंगोटी सर्वांत शेवटी.