एका सिग्नलचं उलटं जुळं

मंचावरच्या मायक्रोफोनची केबल सोलली, की जाळीच्या कवचाखाली दोन तारा निघतात. आवाज एकच, मग तारा दोन कशाला? मला हा प्रश्न पडला, आणि उत्तर कळल्यापासून त्याची गोडी सुटलेली नाही.

एका तारेवरून सिग्नल जातो, दुसरीवरून तोच सिग्नल उलटा. पहिली 1 मिलिव्होल्टनं वर गेली, की दुसरी तेवढीच खाली. वाटेत घरच्या विजेची 50 हर्ट्‌झची गुणगुण शिरते; तारा एकमेकींना पिळलेल्या असल्यानं ती दोघींवर जवळजवळ सारखीच चढते. समजा, 10 मिलिव्होल्ट. टोकाला पोचतात 11 आणि 9. वजाबाकी केली की उरतात 2. गुणगुण नाहीशी, आवाज दुप्पट! ज्या गोंगाटाची आधी काहीच कल्पना नव्हती, तोही तिसरीतल्या वजाबाकीनं पुसला जातो.

पण हे उलटं जुळं जन्माला घालायचं कसं? सिग्नल एका ॲम्प्लिफायरमधून उलटा करून घ्यावा, हा सोपा मार्ग. मात्र त्या ॲम्प्लिफायरमध्ये त्याला किंचित उशीर होतो, आणि वारंवारता वाढली की जुळ्यांची पावलं चुकू लागतात.

ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्यानं 1936 साली पेटंटसाठी मांडलेली रचना मला फार सुंदर वाटते. दोन व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या, शेपट्या एकत्र बांधायच्या आणि त्या एकाच मोठ्या रेझिस्टरला जोडायच्या. त्यामुळे दोघांना मिळून जाणारा प्रवाह जवळपास ठरलेला राहतो. एक भाकरी, दोन भावंडं: एकानं मोठा तुकडा घेतला, की दुसऱ्याचा आपोआप लहान होतो. म्हणून एकाच्याच दारात सिग्नल दिला, तरी दोन बाजूंनी दोन उलट सिग्नल बाहेर पडतात. आणि दोघांची भूक सारखीच वाढली तर? भाकरी तेवढीच असल्यानं वाटणी हलत नाही. गुणगुण तिथेच अडते. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. आजही बहुतेक ऑप-अँपच्या, म्हणजे चिपवरच्या तयार ॲम्प्लिफायरच्या, तोंडाशी हीच जोडी बसलेली असते.

आजच्या पूर्ण डिफरन्शियल ॲम्प्लिफायरमध्ये, म्हणजे जुळी आत घेऊन जुळीच बाहेर देणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये, आणखी एक पहारेकरी असतो. दोन्ही आउटपुटची सरासरी तो सतत पाहतो आणि ठरवलेल्या दाबावर, उदाहरणार्थ 2.5 व्होल्टवर, धरून ठेवतो. जुळी त्या रेषेच्या वरखाली झुलतात. ॲम्प्लिफायर स्वतः आवाजात जी विकृती मिसळतो, तिच्यातली सम क्रमांकाची दोघांत सारखीच उमटते, म्हणून वजाबाकीत तीही जाते.

मात्र वजाबाकी करताना खरी परीक्षा असते रेझिस्टरची. त्यासाठीच्या साध्या सर्किटमध्ये चार रेझिस्टर असतात. ते 1 टक्क्यापर्यंत चुकणारे असले आणि चुका वाईटात वाईट जुळून आल्या, तर गुणगुणीचा सुमारे पन्नासावा हिस्सा निसटून पुढे जातो. 0.1 टक्क्याचे घेतले, तर पाचशेवा. म्हणून नाजूक कामासाठी चारही रेझिस्टर एकाच चिपवर शेजारी शेजारी घडवतात. तिथे ते एकत्रच तापतात, एकत्रच निवतात.